कैसराच्या खुर्चीतला आपला वाटा

निवडणूक जवळ आली की चर्चच्या आवारात एक वाक्य हमखास ऐकू येतं, आपलं नागरिकत्व स्वर्गात आहे, या जगाच्या पॉलिटिक्सशी आपल्याला काय करायचंय. म्हणणारा माणूस सहसा वाईट नसतो, उलट बरेचदा तो मंडळीतला सगळ्यात प्रार्थनाशील माणूस असतो, त्यामुळे त्याच्याशी वाद घालायला कोणी जात नाही. मला हा वाद घालायचाय. कारण हे वाक्य ज्या पत्रातून उचललंय ते कोणत्या गावाला लिहिलं होतं आणि त्या गावात लिहिणाऱ्याचं काय झालं होतं हे बघितलं तर वाक्याचा अर्थ राजकारण सोडून द्या असा निघूच शकत नाही.

वाक्य पौलाचं, म्हणजे येशूचा संदेश गावोगाव नेणाऱ्या प्रेषिताचं, फिलिप्पैकरांस पत्र, तिसरा अध्याय, 20 वं वचन. आता प्रेषितांची कृत्ये 16 उघडा. याच फिलिप्पैमध्ये पौल आणि त्याचा सोबती सीला यांना लोकांसमोर कपडे फाडून छड्या मारल्या, चौकशी नाही काही नाही, आणि आतल्या तुरुंगात नेऊन पाय खोड्यात अडकवले. रात्रीचा भूकंप, दारं उघडणं, तुरुंगाच्या नायकाचा बाप्तिस्मा, हा भाग सगळ्यांना पाठ असतो, संडे स्कूलमध्ये त्याची चित्रं काढून घेतात. पण सकाळी काय झालं ते फारसं कोणी सांगत नाही. सकाळी अधिकाऱ्यांनी चोपदार पाठवून निरोप दिला, सोडा त्या माणसांना. दुसरा कोणी असता तर प्रभूची स्तुती असो म्हणून चालायला लागला असता. पौल हलला नाही. त्याने उलटा निरोप पाठवला, आम्ही रोमी नागरिक, आम्हाला चौकशीशिवाय चारचौघांत मारलंत, तुरुंगात टाकलंत, आणि आता गुपचूप बाहेर काढताय होय? ते चालणार नाही, तुम्ही स्वतः या आणि आम्हाला बाहेर न्या. आणि ते आले! घाबरून आले, समजूत काढली, स्वतः बाहेर नेलं.

म्हणजे स्वर्गातल्या नागरिकत्वाबद्दल ज्या माणसाने लिहिलं त्याने त्याच गावात पृथ्वीवरचं नागरिकत्व असं वापरलं की अधिकाऱ्यांना घाम फुटला. फिलिप्पै ही रोमी वसाहत होती, तिथल्या लोकांना आपल्या रोमी असण्याचा भारी अभिमान, तेव्हा पौल त्यांना सांगतोय की तुमची शेवटची निष्ठा रोमला नाही, स्वर्गाला आहे. निष्ठा कोणाशी हा पॉइंट आहे तो. हक्क वापरू नका असं त्यात कुठेच नाही, आणि असतं तर पौल स्वतःच खोटा ठरला असता, कारण पुढे यरुशलेमेत चाबकाचे फटके बसायच्या आधी त्याने शताधिपतीला कायद्याचाच प्रश्न विचारला आणि रोमी सुभेदार फेस्त याच्यासमोर थेट कैसराकडे, म्हणजे रोमच्या सम्राटाकडे, दाद मागितली.

बरं, इथे कोणी म्हणेल की पौलाने मत कुठे दिलं? नाहीच दिलं, सम्राट निवडायला कोणी त्याला बोलावलं नव्हतं. माझा सगळा मुद्दा इथूनच सुरू होतो.

रोमकरांस पत्राचा 13 वा अध्याय घ्या. सरकार म्हटलं की आपल्याकडे हाच अध्याय निघतो, अधिकाऱ्यांच्या अधीन राहा, कर द्या, मान द्या. हे लिहिलं तेव्हा गादीवर नीरो होता आणि वाचणारे रोममधले मूठभर विश्वासणारे, त्यातले कित्येक गुलाम. सत्ता वर आणि विश्वासणारा खाली, मध्ये काही जिनाच नाही. त्यामुळे आपण हा अध्याय नेहमी खालून वाचतो, मी प्रजा, मी काय करायचं, तर गप्प बसून ऐकायचं. पण त्यात सत्तेवरही अट घातलीय, अधिकारी हा तुझ्या हितासाठी देवाचा सेवक आहे, चांगलं करणाऱ्याने त्याला भ्यायचं कारण नाही, वाईट करणाऱ्याला त्याने शिक्षा द्यावी. आता जिथे लोकशाही आहे तिथे हा अधिकारी येतो कुठून? माझ्या आणि तुमच्या मतातून येतो. कैसराच्या खुर्चीचे कोट्यवधी तुकडे करून प्रत्येकाच्या हातात एकेक दिलाय आणि त्यातला एक माझ्याकडे आहे. म्हणजे रोमकर 13 मधला फक्त खाली उभा असलेला माणूस मी राहिलेलो नाही, थोडासा वर बसलेलाही मीच आहे, आणि देवाचा सेवक म्हणून जो हिशोब सत्तेला द्यायचाय त्यातला माझ्या तुकड्यापुरता हिशोब मला द्यायचाय. धन्याने दिलेलं धन न वापरता मातीत पुरून ठेवणाऱ्या दासाला धन्याने बाहेर काढलं ते मत्तय 25 मध्ये आहेच, मग तुकडा लहान आहे म्हणून तो पुरून ठेवायची सोय नाही.

"कैसराचे ते कैसराला" हेसुद्धा असंच वाचायला लागतं. कैसराला कर द्यावा का असं विचारल्यावर येशूने नाणं मागून घेतलं आणि विचारलं यावर मूर्ती कोणाची, लेख कोणाचा. तेव्हा कैसराला द्यायचं म्हणजे कर द्यायचा, संपला विषय. आज त्या राज्याला माझ्याकडून कराबरोबर अजून एक गोष्ट लागते, माझा निर्णय. कर वेळेवर भरून निर्णय मात्र घरी ठेवून देणं म्हणजे अर्धंच दिलं. कॅथलिक चर्चने तर हे स्पष्ट लिहूनच ठेवलंय, त्यांच्या धर्मशिक्षणग्रंथात 2240 क्रमांकाच्या परिच्छेदात कर भरणं, मतदानाचा हक्क बजावणं आणि देशाचं रक्षण करणं ही तिन्ही एकाच ओळीत नैतिक बंधनं म्हणून आली आहेत. प्रोटेस्टंट मंडळींना त्या ग्रंथाचा अधिकार मान्य नसेल, ठीक आहे, पण लॉजिक तर बघा.

मग दुसरा आक्षेप येतो आणि तो जास्त चलाख असतो. राजांना बसवणारा आणि उठवणारा देव आहे असं दानिएल म्हणतो, मग मी मत दिलं काय न दिलं काय, देवाला हवा तोच येणार. ऐकायला हे विश्वासाचं बोलणं वाटतं, पण असं बोलणारा माणूस मुलांच्या परीक्षेच्या वेळी, नोकरीच्या इंटरव्ह्यूच्या वेळी, ऑपरेशनच्या वेळी असं कधी बोलत नाही, तिथे प्रार्थना पण करतो आणि चांगला डॉक्टर पण शोधतो. शिवाय दानिएल हे म्हणाला आणि पुढे बाबेलच्याच दरबारात वर्षानुवर्षं कारभार केला, देव बघून घेईल म्हणून घरी नाही बसला. आणि होशेय नबीच्या आठव्या अध्यायात देवाची चक्क तक्रार आहे की यांनी राजे केले पण मला न विचारता केले. देवाच्या सार्वभौमपणाखालीसुद्धा माणसं चुकीचा राजा निवडू शकतात आणि त्याचा जाब त्यांनाच विचारला जातो, हे नबी इतकं उघड सांगतो की त्यावर अजून काही बोलायची गरज वाटत नाही.

सगळेच उमेदवार भ्रष्ट आहेत, कोणाला म्हणून द्यायचं, हा आक्षेप मात्र मला खरा वाटतो, कारण बरेचदा परिस्थिती तशीच असते. पण यामागे एक गृहीतक आहे की मत म्हणजे त्या माणसाला दिलेलं चारित्र्याचं सर्टिफिकेट. असं कोणी सांगितलं? नळ गळतोय म्हणून प्लंबर बोलावतो तेव्हा त्याच्याकडून आपल्याला तारण नको असतं, नळ नीट झाला पाहिजे एवढंच हवं असतं. पवित्र शास्त्र तर सत्तेबद्दल आपल्यापेक्षा कितीतरी कमी भोळं आहे. लोकांनी राजा मागितला तेव्हा शमुवेल नबीने यादीच वाचून दाखवली, तो तुमची मुलं नेईल, मुली नेईल, शेतं आणि द्राक्षमळे घेईल, धान्याचा दशांश घेईल आणि मग तुम्ही ओरडत बसाल. अधिपतींवर भरवसा ठेवू नका असं स्तोत्रकर्ता सांगतो. ज्यांनी हे वाचलंय त्यांना बॅलटवर संत दिसला नाही म्हणून धक्का बसायचं कारण काय? त्यातल्या त्यात कोण कमी नुकसान करेल, कोणाला पाच वर्षांनी जाब विचारता येईल, कोण हरल्यावर खुर्ची सोडेल, एवढं तरी बघता येतं. आणि खरंच कोणीच नको असेल आणि कोणी नको असं नोंदवायची सोय असेल तर तिथे जाऊन ते नोंदवा, घरी झोपून राहिलेला माणूस निषेध करतोय की आळस हे मोजणाऱ्याला कळायला मार्ग नाही.

इथे एका गोष्टीला मान द्यायला पाहिजे. ख्रिस्ती इतिहासात खरोखर विवेकाने मत न देणारे लोक आहेत. 1527 च्या श्लाइटहाइम कबुलीजबाबात अॅनाबॅप्टिस्टांनी, म्हणजे बाप्तिस्मा मोठेपणी समजून घ्यावा असं मानणाऱ्या गटाने, म्हटलं की तलवार ही ख्रिस्ताच्या परिपूर्णतेच्या बाहेरची गोष्ट आहे, म्हणून ख्रिस्ती माणसाने सत्तेचं पद घेऊ नये. त्यांच्या परंपरेतले काही गट आजही मतदानापासून लांब राहतात. यहोवाचे साक्षीदार मत देत नाहीत, आणि नाझी जर्मनीत त्यांनी मत द्यायला आणि हिटलरला सलाम करायला नकार दिला, त्यासाठी छळछावण्यांत गेले. ऑस्ट्रेलियात 1924 पासून देशपातळीवर मतदान सक्तीचं आहे, पण मत न देणं हे माझं धार्मिक कर्तव्य आहे असं कोणी मानत असेल तर ते कायद्याने पुरेसं कारण धरलं जातं. हे असं न देणं मला पटत नाही पण मी त्याच्यापुढे टोपी काढतो, कारण त्याची किंमत ते स्वतः मोजतात. आपल्यातल्या बहुतेकांचं न देणं तसलं नसतं हो. ऊन असतं, रांग असते, सुट्टी असते, आणि मग त्याला वचनाचा मुलामा दिला जातो.

शिवाय आपण बाहेर राहिलो म्हणजे हात स्वच्छ राहिले असं होत नाही. येशूला क्रुसावर द्यायला सोपवणाऱ्या रोमी सुभेदार पिलातानेही हात धुतले होते, निर्णय झाला तो झालाच. इटलीत पोप नववे पायस यांच्या काळात, 1868 पासून, कॅथलिकांनी संसदेच्या निवडणुकीत भाग घेऊ नये असं धोरण होतं, कारण नव्या इटालियन राज्याने पोपची राज्यं घेतली होती. चर्चचा राग समजण्यासारखा होता. पण ही बंदी 1905 मध्ये जरा सैल झाली आणि पूर्ण उठली ती 1919 मध्ये, म्हणजे जवळजवळ 50 वर्षं. त्याच साली सिसिलीतले एक फादर, लुइजी स्तुर्त्सो, यांनी लोकांचा पक्ष काढला, चांगली सुरुवातही झाली, पण ऑक्टोबर 1922 मध्ये मुसोलिनी रोममध्ये येऊन बसला. बंदी नसती तर मुसोलिनी आलाच नसता असं मी म्हणणार नाही, इतिहास इतका सरळ नसतो. पण लोकशाहीत वावरायची सवय एका पिढीत लागत नाही आणि ती लागायला या लोकांना जेमतेम तीन वर्षं मिळाली, एवढं तर दिसतंच.

आता दुसरी बाजू, आणि ही आपल्याच लोकांना जास्त टोचेल. नुसतं मत दिलं म्हणजे झालं का? 1932-33 मध्ये जर्मनीतल्या प्रोटेस्टंट भागांत हिटलरच्या पक्षाला कॅथलिक भागांपेक्षा कितीतरी जास्त मतं पडली. रविवारी उपासनेला जाणारी, स्तोत्रं म्हणणारी माणसं होती ती. पुढे नाझींच्या तुरुंगात आणि छावण्यांत वर्षं काढलेले पाळक मार्टिन नीमोलर यांनी स्वतः आधी नाझींना मत दिलं होतं. का दिलं असेल? देशाचा मान परत येईल, कम्युनिस्ट येणार नाहीत, चर्चला संरक्षण मिळेल. म्हणजे प्रश्न विचारला गेला तो आपल्याला काय मिळेल हा. त्याचा भुर्दंड कोणाला पडेल, हा प्रश्न बूथवर जाताना फार थोड्यांच्या मनात होता, आणि भुर्दंड पडला तो आधी शेजारच्या ज्यू घराला.

म्हणून कसं मत द्यायचं याचं उत्तर मला प्रेषितांची कृत्ये 6 मध्ये सापडतं, आणि कमाल म्हणजे तिथे खरोखर एक निवड आहे. यरुशलेमेतल्या पहिल्या मंडळीत रोज अन्न वाटलं जायचं, आणि ग्रीक बोलणाऱ्यांनी कुरकुर केली की आमच्या विधवांना वगळलं जातंय. इब्री बोलणारे तिथले, बहुमत बहुतेक त्यांचंच, प्रेषितही त्यांच्यातलेच. प्रेषितांनी स्वतः नावं जाहीर केली नाहीत, ते म्हणाले तुमच्यातून सात माणसं तुम्हीच निवडा, चांगल्या नावाची, आत्म्याने आणि ज्ञानाने भरलेली. मंडळीने निवडली. आता ती नावं वाचा, स्तेफन, फिलिप्प, नीकनोर, तीमोन... सातच्या सात ग्रीक नावं! ग्रीक नाव असलेला प्रत्येक जण ग्रीकच बोलणारा असेल असं नाही, तरी कल कुठे आहे ते दिसतं. ज्यांच्या विधवा उपाशी राहत होत्या त्यांच्या हातात अख्खं वाटप देऊन टाकलं. असं कोण करतं? आपल्या माणसाला निवडून द्या, आपल्या समाजाचं काम होईल, ही हाक सगळीकडे ऐकू येते, ख्रिस्ती लोक थोडे असतात तिथे ती भीतीपोटी येते आणि ख्रिस्ती लोक बहुसंख्य असतात तिथे हावेपोटी. पहिल्या मंडळीने दोन्ही केलं नाही. तिने बघितलं की ताट कोणाचं रिकामं आहे.

नीतिसूत्रे 31 मध्ये लमुएल राजाला त्याची आई सांगते, मुक्यासाठी तोंड उघड, गरिबाचा न्याय कर. हा सल्ला राजाला आहे, आपण आतापर्यंत तो राजांसाठीच ठेवला. पण तुकडाभर राजेपण आपल्याही हातात आलंय म्हटल्यावर ती आई आपल्यालाही सांगतेय. यिर्मया नबीने बाबेलमधल्या बंदिवान यहूद्यांना जे पत्र पाठवलं त्यातही हेच, जिथे तुम्हाला पकडून नेलंय त्या नगराचं हित बघा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, त्याच्या हितात तुमचं हित. ते नगर त्यांचं नव्हतं, राजा त्यांच्या देवाला मानणारा नव्हता, त्यांचं मंदिर पुढे त्याच राजाने पाडलं. तरी हित बघा.

आणि ज्यांना मत या गोष्टीची किंमत वाटत नाही त्यांनी फॅनी लू हेमर या बाईंचं आयुष्य वाचावं. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात कापसाच्या मळ्यावर राबणारी काळी बाई, वय 44, ऑगस्ट 1962 मध्ये चर्चमधल्या एका सभेत तिला पहिल्यांदा कळलं की आपल्याला मत देता येतं. चर्चमध्ये कळलं हे लक्षात घ्या. त्याच महिन्याच्या शेवटी 18 जण बसने नाव नोंदवायला गेले, तिथे त्यांना राज्यघटनेतलं किचकट कलम देऊन अर्थ सांगायला लावला, अर्थातच नापास केलं. परत येताना पोलिसांनी बस अडवली आणि ड्रायव्हरला दंड केला, कारण काय, तर बसचा रंग जास्तच पिवळा आहे! बसमध्ये लोक घाबरून बसलेले, तेव्हा ही बाई स्तोत्रं म्हणायला लागली. घरी पोचली तर मळ्याच्या मालकाने सांगितलं नाव मागे घे नाहीतर निघ, आणि ती त्याच रात्री निघाली, 18 वर्षं काम केलं होतं तिथे. पुढच्या वर्षी तुरुंगात मारहाण झाली ती जन्मभर पुरली. तिचं नागरिकत्व स्वर्गात आहे असं तीही मानत होती, आपल्यापेक्षा जास्तच मानत असेल.

आता पाळकांचं काय, व्यासपीठावरून नाव सांगावं का? माझं स्पष्ट मत, नाही. कोणत्या कैद्याला सोडायचं, बरब्बा की येशू, हा प्रश्न आला तेव्हा बहुमत चुकलं असा दाखला लोकशाहीविरुद्ध नेहमी दिला जातो, पण मार्कच्या शुभवर्तमानात पुढचं वाचा, बरब्बाचं नाव घ्या म्हणून गर्दीला चिथवलं कोणी, तर मुख्य याजकांनी. देवाच्या नावाने बोलणाऱ्याने कोणाचं नाव घ्यायचं हे सांगितलं की ऐकणाऱ्याच्या विवेकाला बोलायला जागाच राहत नाही. मतदान गुप्त ठेवलंय ते उगाच नाही, तिथे नवरा नाही, मालक नाही, पाळक नाही.

मेथडिस्ट चळवळ सुरू करणारे इंग्लंडमधले पाळक जॉन वेस्ली यांनी हे फार आधी नीट सांगितलं होतं. 6 ऑक्टोबर 1774 ला त्यांनी डायरीत लिहिलंय की आपल्या मंडळीतल्या मतदारांना भेटून तीन सल्ले दिले, काहीही मोबदला न घेता ज्याला सगळ्यात लायक समजता त्याला मत द्या, ज्याच्या विरुद्ध मत दिलं त्याच्याबद्दल वाईट बोलू नका, आणि दुसऱ्या बाजूला मत देणाऱ्यांबद्दल मनात कडवटपणा येऊ देऊ नका. उमेदवाराचं नाव कुठेच नाही. पहिला सल्ला त्या काळच्या इंग्लंडमध्ये मोठाच होता, कारण तिथे मतदारांना दारू पाजणं आणि पैसे देणं सर्रास चालायचं, आणि आजही जिथे पाकीट फिरतं तिथे दशांश देणारा हात ते पाकीट घेत नाही असं छातीवर हात ठेवून किती मंडळ्यांना म्हणता येईल? पाकीट घेऊन मत दुसऱ्यालाच दिलं की पाप नाही, ही पळवाट तर मला अजूनच गमतीची वाटते, लाच पण आणि वर खोटेपणा पण. तिसरा सल्ला सगळ्यात अवघड, निकालानंतर एकाच बाकावर बसून प्रभुभोजन घ्यायचंय त्या माणसाबरोबर ज्याने माझ्या मते देशाचं वाटोळं केलं.

पाळकांना करण्यासारखं मात्र खूप आहे आणि त्यात एकाही पक्षाचं नाव घ्यावं लागत नाही. निवडणुकीच्या आधीच मतदार यादीत नाव आहे का ते बघायला सांगा, नसेल तर फॉर्म भरून घ्या, 18 पूर्ण झालेल्या तरुणांना युवक संघात बसवून प्रक्रिया समजवा, म्हाताऱ्यांना केंद्रावर न्यायला गाडी ठरवा, पाकिटाबद्दल एक संदेश द्या तोही रोखठोक, आणि प्रार्थनेत फक्त जिंकणाऱ्यासाठी मागू नका, हरणाऱ्यासाठीही मागा.